जिच्या रंगाची गोष्ट झाली नाही

२०१३च्या दिवाळीच्या आगेमागे तनिष्कची एक जाहिरात टीव्हीवर लागू लागली. लग्नाच्या दागिन्यांची, साधारण दीड मिनिटाची. दिग्दर्शन गौरी शिंदेचं, एजन्सी लोव लिंटास, नवरीच्या भूमिकेत प्रियंका बोस. नवरीचं हे दुसरं लग्न आहे आणि तिला एक लहान मुलगी आहे, हे त्या दीड मिनिटात उलगडतं. जाहिरातीचं तेव्हा भरपूर कौतुक झालं. पुनर्विवाह दाखवला आणि नवरी सावळी दाखवली, अशा दोन गोष्टी लोकांनी एका दमात सांगितल्या. जाहिरातीत मात्र त्या दोन गोष्टी एका पायरीवर नाहीत. पुनर्विवाह हे तिचं कथानक आहे. सावळेपणाला कथानकात जागाच नाही. कोणी तो बोलून दाखवत नाही, कोणाच्या नजरेला तो खुपत नाही, शेवटी त्याचा विजयही होत नाही. नवरी सावळी आहे आणि तिचं लग्न आहे, एवढंच. या जाहिरातीचं खरं कसब मला या गप्प बसण्यात दिसतं.

आधी जाहिरात काय आहे ते पाहू. सुरुवात नवरीच्या नटण्यापासून होते. दागिने अंगावर चढताहेत, तेवढ्यात एक छोटी मुलगी तिच्यापाशी येते. तीही नटलेली. दोघींच्या पाहण्यात जिव्हाळा आहे, पण नातं कळत नाही. भाची असेल, पुतणी असेल. लग्नघरात अशा मुली नवरीभोवती घुटमळतच असतात. दोघी बरोबरच मांडवात येतात, मुलगी मोठ्या माणसांत जाऊन बसते. फेरे सुरू होतात आणि तिला राहवत नाही. आपल्यालाही असं गोल गोल फिरायचंय, असं ती नवरीला सांगते आणि सांगताना तिला आई म्हणून हाक मारते. पाहणाऱ्याला इथे उलगडा होतो. आई तिला गप्प करते, आजूबाजूची मोठी माणसं अवघडतात. नवरा थांबतो, मुलीला जवळ बोलावतो, उचलून घेतो, आणि दोघांचे फेरे तिघांचे होतात. मग मुलगी त्याला विचारते, आजपासून डॅडी म्हणू का?

कथानक म्हणून हे साधं आहे, थोडं गोडही आहे. जाहिरात शेवटी दागिने विकते आहे, हे विसरण्याचं कारण नाही. तरी ती मनात राहते, कारण भारतीय टीव्हीवर सावळ्या मुलीची गोष्ट सांगण्याची जी रीत तोवर पक्की झाली होती, ती इथे कोणतीही घोषणा न करता बाजूला ठेवली आहे. ही रीत कोणती, हे नीट पाहिल्याशिवाय बाजूला ठेवण्याचं मोल कळणार नाही.

फेअर अँड लव्हली हे क्रीम बाजारात आलं १९७५ मध्ये. दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या १९७६ मध्ये. दोघांची वाढ जवळजवळ बरोबरच झाली. १९८२च्या आशियाई खेळांच्या सुमारास पडदा रंगीत झाला आणि कातडीच्या छटेचं नाटक दाखवायला नवं साधन मिळालं. पुढच्या दोन-तीन दशकांत या प्रकारच्या जाहिरातींचा साचा इतका घट्ट झाला, की आवाज बंद करून पाहिल्या तरी गोष्ट समजावी. पहिला प्रवेश: मुलगी सावळी, खांदे पडलेले, उजेड कमी. दुसरा: अपमान किंवा नकार. तिसरा: कोणीतरी ट्यूब हातात देतं. मग तो प्रसिद्ध पट्टा: एकाच चेहऱ्याची अनेक रूपं ओळीनं मांडलेली, डावीकडे काळवंडलेलं, उजवीकडे उजळ. शेवटचा प्रवेश: नोकरी, नवरा किंवा टाळ्या. अशा चेहऱ्यांच्या छटांचं एक कार्ड क्रीमबरोबरही मिळायचं. घरी बसून आपण कितव्या पायरीवर आहोत ते मोजण्याची सोय!

यातल्या दोन जाहिराती आजही अनेकांना आठवतील. एकीत ओढगस्तीला आलेला बाप, मुलगा असता तर बरं झालं असतं, असं म्हणतो. मुलीच्या कानावर ते पडतं. ती क्रीम लावते, उजळते, हवाईसुंदरी होते, आईबाप सुखावतात. दुसरीत एका मुलीला क्रिकेटची समालोचक व्हायचंय. भूमिका जिनिलिया डिसूझाची. ही मुलगीही आधी उजळते आणि मग कृष्णम्माचारी श्रीकांतच्या शेजारी माइकसमोर बसते. या दुसऱ्या जाहिरातीची गंमत अशी, की शेजारी बसलेल्या श्रीकांतच्या रंगाची चौकशी करावी असं तिला क्षणभरही वाटत नाही. तो सलामीला येऊन खेळला, त्यानं देशाचं नेतृत्व केलं, तेवढी त्याची पात्रता पुरे. माइक तोच, काम तेच, पण मुलीच्या पात्रतेत गाल मोजले जातात.

अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेनं अशा जाहिरातींविरुद्ध तक्रार केली. प्रकरण राष्ट्रीय मानवी हक्क आयोगापर्यंत आणि माहिती व प्रसारण मंत्रालयापर्यंत गेलं. २००३ मध्ये हवाईसुंदरीची जाहिरात पडद्यावरून गेली. साचा मात्र गेला नाही. २००५ मध्ये इमामीनं पुरुषांसाठी फेअर अँड हँडसम आणलं आणि पुढे शाहरुख खाननं त्याची भलामण केली. २००८ मध्ये पॉन्ड्सनं तर मालिकेसारखी भागांत चालणारी जाहिरात केली: सैफ अली खान, प्रियंका चोप्रा, नेहा धुपिया. दुरावलेला प्रियकर, दुसरी गोरी मुलगी, आणि क्रीम लावून पहिलीच्या चेहऱ्यावर आलेली गुलाबी झाक. ज्या प्रियंका चोप्रानं विश्वसुंदरीचा मुकुट मिळवला होता, तिच्याही रंगात दुरुस्ती सुचवणारी ही जाहिरात! नंतर अशा जाहिराती केल्याचा पश्चात्ताप तिनं उघडपणे बोलून दाखवला.

या साच्यात सावळा रंग नेहमी पहिल्या अंकात असतो आणि तिसऱ्या अंकापर्यंत त्यानं जायलाच हवं असतं, कारण गोष्टीत बदलायचं तेच आहे. नायिकेची इतर कोणतीही अडचण, गरिबी, बेकारी, बापाचा मुलग्याचा हट्ट, त्या एका बदलाच्या मागून आपोआप सुटत जाते. हवाईसुंदरीच्या जाहिरातीत बापाचं बोलणं चूक आहे, असं कोणी म्हणत नाही. मुलीनं मुलाइतकं कमावून दाखवलं, की तो मुद्दाच मिटतो. अन्याय करणारा तसाच राहतो आणि अन्याय सोसणारीनं चेहरा बदलायचा.

आता पुन्हा तनिष्कच्या जाहिरातीकडे वळू. तिच्यातही आधी आणि नंतर आहे. त्याशिवाय जाहिरातीत गोष्ट बसत नाही. पण इथे बदलतं काय? सुरुवातीला मोठ्यांत बसवलेली मुलगी शेवटी फेऱ्यांत आहे. ज्याला ती नुसतं पाहत होती त्याला शेवटी ती हाक मारू पाहते आहे. बदल मुलीच्या जागेत झाला आणि नवऱ्यानं तो केला. नवरीचा चेहरा पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत त्याच रंगाचा आहे. तिच्यात दुरुस्त करण्यासारखं काही आहे, असं जाहिरात मानत नाही. कुरकुर असलीच तर ती अवघडलेल्या मंडळींच्या चेहऱ्यावर आहे, आणि ती सोडवायची जबाबदारीही नवरीवर टाकलेली नाही. जुन्या साच्यात सोसणारीला बदलावं लागे. इथे ज्याच्या हातात आहे, तो माणूस एक पाऊल पुढे येतो.

सुरुवातीचा नटण्याचा प्रसंग याच नजरेनं पाहावा. क्रीमच्या जाहिरातींत मुलगी स्वतःकडे पाहते ती तक्रार घेऊन. बोट गालावरून फिरतं, कपाळाला आठी पडते, उणीव सापडते. तिथला साजशृंगार हा जवळजवळ औषधोपचार असतो. इथली नवरी नटते आहे ती समारंभासाठी. चेहऱ्यावर लग्नाच्या दिवसाची हुरहुर आहे, स्वतःच्या दिसण्याविषयीची धास्ती नाही. प्रियंका बोसचा अभिनय इथे फार नेमका आहे. मुलीनं मध्येच बोलल्यावर तिच्या चेहऱ्यावर क्षणभर संकोच येतो. पण तो संकोच आईचा आहे: लोक काय म्हणतील, मुलीला काय वाटेल, याला काय वाटेल. या तीन चिंतांत ‘मी कशी दिसते’ ही चौथी चिंता नाही. नवरा मुलीला उचलतो तेव्हा तिचे डोळे ज्या पद्धतीनं निवळतात, तो या जाहिरातीतला सगळ्यात मोठा क्षण. तिथे दागिने चौकटीत आहेत, पण पाहणारा दागिने पाहत नाही.

दागिन्यांविषयी मात्र थांबून बोलायला हवं, कारण या जाहिरातीला इथे एक सापळा होता. सराफाच्या दुकानात सोनं गडद मखमलीवर ठेवतात; त्यानं पिवळेपणाला धग येते. सावळ्या गळ्यावर सोनं खुलतं, हेही आपल्याकडे पूर्वीपासून म्हटलं जातं. म्हणजे सावळी नवरी निवडण्यामागे निव्वळ दुकानदारी असू शकली असती. कातडी ही मखमल, बाई हा स्टँड, आणि कॅमेरा गळ्या-मनगटांवरून फिरतो आहे. दागिन्यांच्या कितीतरी जाहिराती अशाच असतात, बाई गोरी असो की सावळी. गौरी शिंदेनं हा सापळा टाळला तो कॅमेरा कुठे ठेवायचा याच्या निर्णयातून. तिचा कॅमेरा माणसांच्या एकमेकांकडे पाहण्यामागे जातो: नवरी मुलीकडे, मुलगी नवऱ्याकडे, मोठी माणसं एकमेकांकडे. दागिना या नजरांच्या वाटेत सापडतो म्हणून दिसतो. उजेडही तसाच. साच्यातल्या जाहिराती सुखाचा क्षण आला की पांढराफेक प्रकाश ओततात, चेहऱ्याची सगळी वळणं पुसून टाकतात. इथे प्रकाश उबदार आहे आणि त्यात सावळ्या चेहऱ्याची छटा टिकून राहते. नवरी आहे तशी दिसते.

गौरी शिंदे मूळची पुण्याची. चित्रपटाकडे वळण्याआधी तिनं जाहिरातींच्या जगात काम केलं होतं. या जाहिरातीच्या वर्षभर आधी तिचा ‘इंग्लिश विंग्लिश’ आला होता आणि त्यातली शशी गोडबोले, श्रीदेवीनं साकारलेली लाडू करून विकणारी पुण्याची गृहिणी, मराठी प्रेक्षकांना आपल्याच वाड्यातली वाटली होती. त्या चित्रपटाचा ढाचा वरवर पाहता क्रीमच्या जाहिरातीसारखाच आहे: बाईत एक उणीव आहे, तिला इंग्रजी येत नाही, ती शिकते आणि मान मिळवते. पण शेवट पाहा. इंग्रजी येऊ लागलेली शशी परतीच्या विमानात हिंदी वर्तमानपत्र मागते. उणीव भरून काढल्याचा आनंद तिथे आहे, पण ती मुळात उणीव होती का, हा प्रश्न बाकी ठेवला आहे. तनिष्कच्या जाहिरातीत दिग्दर्शिकेनं आणखी एक पायरी ओलांडली. इथे उणिवेचा उच्चारच नाही, त्यामुळे भरून काढण्याचाही प्रश्न नाही.

भूमिकेसाठी कोणाला निवडलं, यालाही अर्थ आहे. प्रियंका बोसला पुढे जगानं पाहिलं ते २०१६च्या ‘लायन’ या चित्रपटात. खांडव्याच्या बाजूची, दगड वाहून पोट भरणारी, मुलापासून ताटातूट झालेली आई. तिथे तिनं उत्तम काम केलं. पण आपल्या पडद्यावर सावळ्या चेहऱ्याला सहज मिळणाऱ्या जागा बहुधा अशाच असतात: मजुरीण, मोलकरीण, गावाकडची आई, सरकारी मोहिमेतली लाभार्थी. खताच्या, बियाण्याच्या जाहिरातीत सावळा शेतकरी चालतो. कारच्या, विम्याच्या, बिस्किटांच्या जाहिरातीत घरदार उजळ लागतं. म्हणजे रंगाचा हा ठोकळा सौंदर्यापुरता थांबत नाही, तो वर्गही सांगतो आणि न बोलता जातही सुचवतो. दुकानात येऊन लग्नाचे दागिने घेणारी बाई आणि सावळी बाई या दोन वेगळ्या बाया आहेत, असं जाहिरातींनी वर्षानुवर्षं गृहीत धरलं होतं. तनिष्कनं त्या दोघींना एक केलं. जी पैसे मोजून, मानानं सोनं घालते आहे, ती सावळी आहे.

मराठी टीव्हीवर पाहिलं तर या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं आणि त्याच्या सुरुवातीच्या वर्षांत मराठी बातम्या देणारी एक सावळी तरुणी घराघरांत ओळखीची झाली: स्मिता पाटील. पडदा कृष्णधवल होता, तरी छटा लपत नव्हती, आणि तिच्या छटेविषयी कार्यक्रमाला काही सांगायचं नव्हतं. ती बातम्या सांगत होती. त्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकानं, २०१९ मध्ये, स्टार प्रवाहवर ‘रंग माझा वेगळा’ ही मालिका आली. नायिका दीपा सावळी आहे, आणि तो रंग हाच कथेचा कणा. हेतू रंगभेदाला विरोध करण्याचा होता, मालिका लोकप्रियही झाली. पण दीपाचं काम करणाऱ्या रेश्मा शिंदेला त्यासाठी मेकअपनं सावळं करावं लागलं. अभिनयाविषयी तक्रार नाही. प्रश्न एवढाच उरतो, की सावळेपणाची गोष्ट सांगायलाही सावळ्या मुलीला दार का उघडलं नाही? रंगभेदावरची मालिका आणि रंगाविषयी गप्प असलेली जाहिरात शेजारी ठेवली, तर एक दिसतं. पहिलीनं रंग विषय म्हणून घेतला आणि चेहरा उसना आणला. दुसरीनं चेहरा घेतला आणि विषय सोडून दिला. मला दुसरीचा मार्ग अधिक अवघड वाटतो.

पुनर्विवाह या कथानकाचाही दिसण्याशी जवळचा संबंध आहे, आणि तो महाराष्ट्रातल्या वाचकाला पटकन कळावा. आपल्याकडे अनेक जातींत पाट किंवा म्होतूर लावण्याची चाल होती. विधवेला, सोडलेल्या बाईला दुसरा संसार करायची मुभा होती, पण गाजावाजा नव्हता. पहिल्या लग्नाचे सगळे विधी नसत, पाट पुष्कळदा रात्री लागे, सवाष्णींनी अशा वेळी दूर राहावं असा संकेत असे. ज्या जातींत पुनर्विवाहाला बंदीच होती, त्यांच्यात १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी विवाह केला तेव्हा त्यांच्या मूळ गावानं, मुरूडनं, त्यांना वाळीत टाकलं. दुसऱ्यांदा लग्न करणाऱ्या बाईनं केलं तर करावं, पण उजेडात दिसू नये, अशी ही समजूत. तनिष्कची नवरी पूर्ण उजेडात, पूर्ण दागिन्यांत, पाहुण्यांसमोर, अग्नीभोवती फिरते, आणि तीही मुलीसकट. सावळ्या मुलीलाही असंच सांगितलं जातं: भडक रंग घालू नकोस, उन्हात जाऊ नकोस, फोटोत मागे उभी राहा. कोणाला झळकू द्यायचं आणि कोणाला आवरून राहायला लावायचं, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. जाहिरातीनं शब्दांत त्यातला एकच मांडला, चित्रांत दोन्ही सोडवले.

इथे एक शंका येते, आणि ती बाजूला सारता येणार नाही. सावळी नवरी दाखवायला दुसरंच लग्न का सापडलं? पहिल्या लग्नाची नवरी गोरी आणि एका मुलीची आई असलेली नवरी सावळी, असं तर नाही? म्हणजे लग्नाच्या बाजारात आधीच जिचं मोल उतरवलं जातं, तिच्या वाट्याला बाजार ज्याला कमी लेखतो तो रंगही दिला, आणि मग एका उमद्या पुरुषानं दोन्ही पदरात घेतलं? या शंकेत तथ्य आहे. नवऱ्याच्या मनाच्या मोठेपणावर जाहिरात थोडी जास्त भिस्त ठेवते, हेही खरं. फेरे थांबवण्याचा, मुलीला बोलावण्याचा, तिला आत घेण्याचा अधिकार त्याचाच आहे. नवरी तोवर वाट पाहते. पुनर्विवाहाच्या गोष्टीत पुरुषाला उद्धारक करण्याची आपली खोड जुनी आहे आणि ती इथे पूर्ण सुटलेली नाही.

तरी रंगाच्या बाबतीत जाहिरात या शंकेला पुरून उरते असं मला वाटतं. सावळा रंग ‘पदरात घेण्याची’ गोष्ट असती, तर कुठेतरी त्याची नोंद दिसली असती. सासूबाईंची एखादी नजर, एखाद्या बाईचं कुजबुजणं, नवऱ्याचं ‘मला तू अशीच आवडतेस’. प्रेमळ शब्दांतही ती नोंद असू शकते आणि प्रेमळ शब्दांतली नोंद अधिक बोचरी असते. तसं काही नाही. मंडळी अवघडतात ती मुलगी बोलल्यावर, नवरी मांडवात आल्यावर नाही. नवरा जे स्वीकारतो ते मूल आहे. बायको स्वीकारण्याचा प्रश्न त्याच्यापुढे नाही, तिला त्यानं केव्हाच पसंत केलेलं आहे. शंकेचा जो भाग उरतो, तो या जाहिरातीच्या बाहेरचा आहे. पहिल्या लग्नाच्या, साध्या, बिनसमस्येच्या जाहिरातींत सावळी नवरी किती वेळा दिसते, हे पाहूनच त्याचं उत्तर मिळेल. एका जाहिरातीला सगळ्या बाजाराचं पाप धुता येत नाही.

बाजाराची गुंतागुंत तर अशी, की ही जाहिरात करणारी एजन्सी आणि साच्यातल्या जाहिराती करणारी एजन्सी एकाच घरातल्या. लिंटासचा जन्मच लीव्हर कंपनीच्या जाहिरात विभागातून झाला, नावातलं पहिलं अक्षर लीव्हरचं. फेअर अँड लव्हलीचं कामही पुष्कळ वर्षं याच एजन्सीकडे होतं. एका मजल्यावर सावळी मुलगी उजळवायची, दुसऱ्या मजल्यावर तिला तशीच मांडवात न्यायची. यात ढोंग पाहणं सोपं आहे. मला त्यात जाहिरातीच्या धंद्याविषयीची एक माहिती दिसते. साचा लिहिणाऱ्यांना साच्याबाहेरचं लिहिता येत नव्हतं असं नाही. तसं मागणारं गिऱ्हाईक आणि त्यावर अडून बसणारी दिग्दर्शिका लागत होती.

२०१४ मध्ये जाहिरात व्यवसायाच्या स्वनियमनाचं काम पाहणाऱ्या अ‍ॅस्कीनं त्वचा उजळवणाऱ्या उत्पादनांसाठी नियम घातले: सावळ्या माणसांना दुःखी, अनाकर्षक किंवा अपयशी दाखवू नये, रंगाचा नोकरी-लग्नाशी संबंध जोडू नये. २०२० मध्ये, अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर जगभर वंशभेदावर बोललं जाऊ लागलं, तेव्हा हिंदुस्थान युनिलिव्हरनं क्रीमच्या नावातला ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातला. त्याच सुमारास शादी डॉट कॉमनं त्वचेच्या रंगावरून स्थळं शोधण्याची सोय बंद केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तनिष्कनं हिंदू सुनेचं डोहाळजेवण करणारं मुस्लिम सासर दाखवलं, आणि गदारोळ झाल्यावर ती जाहिरात मागे घेतली. २०१३च्या सावळ्या नवरीवर असा गदारोळ झाला नव्हता. पडद्यावर रंग सोसवणं त्या मानानं सोपं होतं, असाच याचा अर्थ. मग तो इतकी वर्षं का सोसवला नाही, हा प्रश्न आणखी टोकदार होतो.

नियमांनी आणि नामांतरांनी साचा उघडपणे वापरणं अवघड झालं. त्याच्या जागी एक नवी पद्धत आली आहे. वेगवेगळ्या छटांच्या मुली एका ओळीत उभ्या करायच्या, पार्श्वसंगीत वाजवायचं आणि प्रत्येक रंग सुंदर आहे असं सांगायचं. हेतू चांगला असेल. पण ओळ पाहा. तो छटांचा पट्टाच पुन्हा मांडला आहे, फक्त आता सगळ्या पायऱ्यांना टाळ्या आहेत. मुलगी अजूनही तिच्या रंगासाठीच उभी केलेली आहे. पूर्वी तिला त्यासाठी रडवत, आता त्यासाठी मिरवतात. तिला काम काय दिलं, तर सावळी असण्याचं.

तनिष्कची नवरी कोणत्याही ओळीत उभी नाही. तिला काम आहे: लग्न करायचंय, मुलीला सांभाळायचंय, चारचौघांत ती मध्येच बोलली तर तिला गप्प करायचंय, आणि नवऱ्यानं तिला उचलून घेतलं की मोकळा श्वास घ्यायचाय. तिच्या रंगाची स्तुती करायला दीड मिनिटात वेळच उरलेला नाही. पुढच्या जाहिरातवाल्यांनी या जाहिरातीतून घ्यावं असं हेच आहे, आणि नेमकं तेच सगळ्यांत कमी उचललं गेलं. त्यासाठी मोहीम काढावी लागत नाही, घोषवाक्य लिहावं लागत नाही. बिस्किटाच्या, बँकेच्या, चहाच्या जाहिरातीसाठी आई निवडायला बसल्यावर, ‘चांगली आहे, पण जरा सावळी वाटते’ म्हणून यादीतलं एक नाव खोडलं नाही, तरी पुष्कळ झालं.